डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ : चौघांनी घ्यावा का? चिलखतांचं गणित, तेलाची लढाई आणि बाकी भानगडी

चारभिंती
चौघांचा गट आहे. दोघं साताऱ्यात, एक कराडला, एक मिरजेत. शनिवार-रविवार रात्री ऑनलाइन गेम खेळायला बसायचं चाललंय. बाल्डर्स गेट ३ सगळ्यांचा झालाय, म्हणून त्याच लारियन कंपनीचा २०१७ चा डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ घ्यावा असा विचार आहे. कथा फोडू नका, लढाईबद्दल मात्र खरं काय ते सांगा. बलस्थान कुठं, दुखणं कुठं, आणि चौघांनी कोणी काय व्हायचं? "भारी आहे, घेऊन टाक" असले प्रतिसाद नकोत, तेवढं दुकानदारही सांगतो.

प्यादं_सांगली
बीजी ३ मधून येताय तर आधी फासा विसरा. इथं शस्त्राचा वार साधारण ९५ टक्के लागतोच आणि मंत्र सहसा हुकत नाही. "नशीब फुटलं" ही सबब इथं चालत नाही. बुद्धिबळाच्या गावाला हे लगेच पटावं, सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळात कोणी फासे टाकत नाही.

पैसा म्हणजे इथं ॲक्शन पॉइंट, आपण एपी म्हणू. प्रत्येक पाळीला ४ मिळतात. उरलेले पुढं जातात, पण साठा ६ च्या वर चढत नाही, म्हणून दोनच राखून ठेवण्यात अर्थ आहे, तिसरा राखलात तर वाया. साधा वार २ चा. बहुतेक कामाची कौशल्यं २ ची. फीनिक्स डाइव्ह, टॅक्टिकल रिट्रीट, क्लोक अँड डॅगर या उड्या १ च्या. ॲड्रेनालिनला काहीच लागत नाही, आत्ता २ एपी देतं आणि पुढच्या पाळीतून २ कापून घेतं, सावकारासारखं. चालायलाही एपी जातात, म्हणून चौघांपैकी प्रत्येकाकडं एक तरी उडी हवीच. नवखा माणूस लढाई हरतो तो बहुतेक चालण्यात एपी घालवून.

पाळ्यांचा क्रमही वेगळा आहे. सगळ्यात जास्त इनिशिएटिव्ह असलेला पहिला, त्यापुढं एक आपला, एक त्यांचा, एक आपला, असं आलटून पालटून. इनिशिएटिव्ह वाढतं विट्स या गुणाने, म्हणून विट्स चौघांत वाटू नका. एकालाच भरपूर द्या, पहिली चाल आपली झाली की काम झालं. बाकीच्या तिघांचे ते गुण ताकदीत घाला.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येकाच्या अंगावर दोन चिलखतं असतात, फिजिकल आर्मर आणि मॅजिक आर्मर. तलवार, बाण, नेक्रोमन्सी (रक्ता-मढ्यांची जादू) पहिल्याला खातात. आग, वीज, पाणी, विष दुसऱ्याला. पाडणं, लंगडं करणं, कोंबडी करणं हे फिजिकल शून्य झाल्यावरच चालतं. गोठवणं, वीज लागून सुन्न करणं, दगड करणं, भुलवणं हे मॅजिक शून्य झाल्यावर. या खेळात जे भारी आहे ते यातून आलंय आणि जे रटाळ आहे तेही यातूनच.

हळदगड्डा
प्यादं, तू अर्धंच सांगितलंस बघ. हिशोब मांड की सरळ. समज एका गड्याचं फिजिकल १००, मॅजिक १००, जीव १००. चौघंबी फिजिकलवाले असले तर २०० चं नुकसान केलं की गडी गार. दोन-दोन केले तर? दोघांनी मिळून फिजिकल ८० काढलं, दुसऱ्या दोघांनी मॅजिक ८० काढलं. १६० चं काम झालं आणि जिवाला ओरखडा बी नाय. समोरचा हसत उभा. म्हणून चौघांनी बी वॉरफेअर, म्हंजे हाणामारीचं कौशल्य घ्या, धनुष्य घ्या, एखादा नेक्रोमन्सर करा. नाद नाय करायचा. जादू दिसायला झकास, पर डावात नुसता खर्च.

कंदीपेढा
हळदगड्डा दादा, तुमचा गडी कागदावरचा आहे. खेळात दोन्ही चिलखतं सारखी असलेला शत्रू क्वचित भेटतो. जाडजूड ढालवाल्याचं फिजिकल भरपूर, मॅजिक जेमतेम. जादूगाराचं बरोबर उलटं. शत्रूवर राइट-क्लिक करून एक्झॅमिन दाबलं की चिलखतांचे आकडे समोर येतात. दोन-दोनच्या गटाने एका गड्यावर चौघांनी तुटून पडायचं नसतंच. तलवारवाल्यांनी जादूगार उचलायचा, जादूगारांनी ढालवाला. अशा वाटणीत काही वाया जात नाही. उलट चौघं फिजिकल असले की ढालवाला येतो तेव्हा दोन पाळ्या नुसतं पत्रा ठोकल्यासारखं होतं.

वाईट वाटणी तीन-एकची. एकटा जादूगार मॅजिक आर्मर पोखरत बसतो आणि तिकडं तिघं तेवढ्यात गडी मारून मोकळे. तो एकटा कंटाळतो, आणि चार मित्रांच्या खेळात कंटाळलेला एक जण म्हणजे पुढचा शनिवार गेला.

हळदगड्डा
ताई, ते खरं. तीन-एक लय वाईट, ते कबूल. पर चौघं फिजिकल म्हणजे चारी तलवारवालेच असं कुठं हाय? नेक्रोमन्सीचे मंत्र इंटेलिजन्सवर चालतात अन् मार फिजिकल. दिसतोय जादूगार, मारतोय पैलवानागत.

प्यादं_सांगली
हा मुद्दा बरोबर आहे, आणि नेक्रोमन्सरच्या बाबतीत नव्या लोकांची चूकही ठरलेली. नेक्रोमन्सी वाढवत बसतात. नेक्रोमन्सीच्या गुणाने मार वाढत नाही, जिवाला केलेल्या नुकसानाचा वाटा परत आपल्या अंगात येतो, गुणामागं १० टक्के. मार वाढतो वॉरफेअरने, कारण वॉरफेअर सगळ्याच फिजिकल नुकसानाला लागू आहे. म्हणून मंत्र शिकण्यापुरते नेक्रोमन्सी गुण घ्या आणि बाकी वॉरफेअर. मंत्र टाकणारा माणूस वॉरफेअर वाढवतोय हे विचित्र दिसतं, पण गणित तेच आहे.

धनुर्धाऱ्यालाही हेच लागू. स्ट्रेंग्थ (तलवारवाल्याची ताकद) किंवा फिनेसचे (धनुर्धाऱ्याची चपळाई) टक्के आणि शस्त्राच्या कौशल्याचे टक्के एकाच कंसात बेरीज होतात. वॉरफेअर बाहेरून गुणतं. करून बघा: स्ट्रेंग्थ ३० म्हणजे मुळाच्या वर २० गुण, प्रत्येकी ५ टक्के, झाले १०० टक्के. त्यात टू-हँडेडचे (दोन हातांच्या शस्त्राचं कौशल्य) ५ गुण घातले तर २५ आणखी, एकूण २.२५ पट. तेच ५ गुण वॉरफेअरमध्ये घातले तर २ गुणिले १.२५, म्हणजे २.५ पट. ताकद जशी वाढेल तशी ही दरी रुंदावते. टू-हँडेडने क्रिटिकलचा गुणकही वाढतो, पण ते नंतरचं. आधी वॉरफेअर १० करा.

चारभिंती
हे सगळं खेळात कुठं लिहिलेलं आहे का? की अनुभवाने कळायचं?

प्यादं_सांगली
अर्धंमुर्धं. गुणावर माउस नेला की टक्के दिसतात, पण कुठले टक्के बेरजेत आणि कुठले गुणाकारात ते कुठंच सांगत नाही. हे खेळाचं पहिलं ठळक दुखणं धरा. दिसायला वाटा दहा, चालणाऱ्या चार.

त्यावर उतारा खेळातच आहे. दुसऱ्या भागात जहाज मिळतं, त्यावर आरसा आहे. त्यात जाऊन सगळे गुण काढून पुन्हा फुकट वाटता येतात, हवे तितक्या वेळा. पहिल्या भागापासूनच आरसा हवा असेल तर डेफिनिटिव्ह एडिशन या सुधारित आवृत्तीच्या गिफ्ट बॅगमध्ये, म्हणजे नंतर आलेल्या जादा सोयींत, फोर्ट जॉयचा आरसा चालू करायची सोय आहे. चुका करायला घाबरू नका.

वाईघाट
जमिनीबद्दल कोणी बोललंच नाही अजून. या खेळाची खरी ओळख तीच.

तेल, पाणी, रक्त, विष, बर्फ, आग, सगळं जमिनीवर पसरतं आणि एकमेकांत मिसळतं. तेलावर आग, पेट. विषावर आग, स्फोट. आगीवर पाऊस, वाफ. पाण्यावर वीज, सगळं डबकं विजेचं. वाफेत वीज सोडली तर ढगसुद्धा विजेचा. पाऊस पाडायला १ एपी लागतो आणि त्यात उभी असलेली सगळी मंडळी पुढच्या वीज-बर्फाला कच्ची होतात. सांगलीच्या आयरविन पुलाखाली पाणी वाढताना जसं बघत बसतो तसं इथं जमीन बघत बसावं लागतं, कारण पाणी तुमच्या-त्यांच्यात भेद करत नाही.

इथंच दोन-दोनच्या गटाची पहिली भांडणं होतात. जादूगाराने पाऊस पाडला, वीज टाकली, आणि डबक्यात आपलाच तलवारवाला उभा. त्याचं मॅजिक आर्मर आधीच कमी, तो सुन्न. पाळी गेली. उपाय साधा आहे. तलवारवाल्याने हायड्रोसोफिस्टचा (पाण्याची जादू) १ गुण घेऊन आर्मर ऑफ फ्रॉस्ट शिकावं, मॅजिक आर्मर परत भरतं. जादूगाराने जिओमान्सरचा (मातीची जादू) १ गुण घेऊन फॉर्टिफाय, फिजिकल भरतं. शत्रू बहुधा ज्याचं चिलखत फाटलंय त्याच्याकडेच वळतो, म्हणून हे एक-एक गुण पुढं शंभरदा कामाला येतात.

आणि बर्फ. बर्फावरून चाललात की घसरून पडता, पाळी गेली. बुटाला खिळे मारा. खरंच. पिशवीत खिळे आणि बूट एकत्र केले की बुटाला न घसरण्याचा गुण लागतो. क्राफ्टिंगमधली जी दोन-तीन कामं करण्यासारखी आहेत त्यातलं हे एक. बाकी क्राफ्टिंग म्हणजे वेळकाढूपणा. एक सोडून, हायड्रोसोफिस्टचं आणि नेक्रोमन्सरचं कौशल्यपुस्तक एकत्र केलं की रक्ताचा पाऊस पाडणारा मंत्र मिळतो.

कंदीपेढा
रक्ताच्या पावसावरून आठवलं. एल्फ नेक्रोमन्सर घेणाऱ्याने एलिमेंटल ॲफिनिटी हा टॅलेंट, म्हणजे कायमची खास खुबी, घ्यावा. ज्या तत्त्वाच्या जमिनीवर उभे आहात त्या तत्त्वाचा मंत्र १ एपी स्वस्त. नेक्रोमन्सीचं तत्त्व रक्त. एल्फकडं फ्लेश सॅक्रिफाइस असतंच, जीव थोडा कमी होतो, पण १ एपी मिळतो, मार १० टक्के वाढतो आणि पायाखाली रक्त सांडतं. म्हणजे एका चालीत एपी मिळाला आणि पुढचे मंत्रही स्वस्त झाले. वर ॲड्रेनालिन. पहिल्याच पाळीत तीन-चार मंत्र सुटतात.

हळदगड्डा
हे भारी. पर जमिनीचं कौतुक लय झालं. तिसऱ्या-चौथ्या पाळीनंतर पटावर आगीशिवाय काय दिसतंय सांगा बरं? प्रत्येक शत्रूकडं आगीचा बाण, आगीचा गोळा. पिंप फुटलं की फुटलं. कुठं उभं राहायचं तेच कळत न्हाय. माणूस आगीत हाय का आगीच्या कडेला हाय हे बघायला कॅमेरा फिरवून फिरवून मान अवघडती. अन् लढाईबाहेर तर कहर. पुढारी आगीला वळसा घालून गेला की मागचे तिघं सरळ आगीतून चालत येतात.

वाईघाट
शेवटच्यावर औषध आहे. डावीकडं पात्रांचे फोटो साखळीने जोडलेले असतात. फोटो ओढून साखळी तोडायची आणि एकेकाला न्यायचं. तुम्ही चौघं खेळाडू असाल तर हा प्रश्नच येत नाही, ज्याने त्याने आपलं जळायचं.

आगीच्या गर्दीबद्दल मात्र हळदगड्डा बरोबर बोलतोय, आणि त्याचं सगळ्यात वाईट रूप दुसऱ्या भागात ब्लॅकपिट्सला भेटतं. कथा न फोडता सांगतो, कारण तिथं बरेच गट खेळ सोडून देतात.

जागा म्हणजे तेलाच्या विहिरी. जमीन तेलाने माखलेली. तिथं ग्विडियन रिन्स नावाचा माणूस वाचवायचा असतो. अंगात फारसा दम नसलेला, आणि तो मेला तर काम अर्धवट राहतं. आधी मॅजिस्टर नावाच्या शत्रू शिपायांशी लढाई, आणि ती संपत आली म्हणेपर्यंत तेलाचेच राक्षस उठतात. मग पेट घेते ती साधी आग नसते, नेक्रोफायर. शापित आग. पाणी टाका, पाऊस पाडा, विझत नाही.

चौदाव्या लेव्हलच्या आत जाऊ नका. आत शिरण्याआधी एफ ५ दाबून सेव्ह. एकाकडं टेलिपोर्टेशन तयार ठेवा, २ एपी. लढाईत संधी मिळताच ग्विडियनला उचलून तेलाबाहेर, उंचावर फेकायचं. इथं गट चुकतात ते त्याच्या अंगावर आर्मर ऑफ फ्रॉस्ट चढवत बसतात. चिलखत दोन पाळ्यांत जळतं, आग तिथंच राहते. माणूस हलवा, चिलखत नंतर. स्वतः आगीचा एकही मंत्र टाकू नका, आगीच्या जादूगाराने ही लढाई इतर कौशल्यांवर काढावी. नेक्रोफायरला उत्तर दोनच. एक, ब्लेस. १ सोर्स पॉइंट (मोठ्या मंत्रांना लागणारी मोजकी शक्ती) जातो, शापित आगीची पवित्र आग होते आणि तीत उभं राहायला हरकत नाही. दोन, एरोथर्जचा (हवा-विजेची जादू) टॉर्नेडो, वाटेतली जमीन साफ करत जातो. सोर्स पॉइंट शिल्लक ठेवून जा, रिकाम्या हाताने गेलात तर ब्लेस करणार कशाने? उड्या उंच कठड्यांवर मारा. फीनिक्स डाइव्ह मात्र नको, ती उतरते तिथं आग लावते. तेलात फीनिक्स डाइव्ह मारणारा शूर वीर दर गटात एक असतोच.

चारभिंती
आमच्यात तो कोण असणार हे आत्ताच ठरलेलं आहे.

प्यादं_सांगली
टेलिपोर्टेशनबद्दल एक भर. पहिल्याच भागात फोर्ट जॉयच्या किनाऱ्यावर तीन मगरी आहेत, त्यातली एक स्वतः टेलिपोर्ट होत फिरते. त्या मारल्या की टेलिपोर्टेशनचे हातमोजे मिळतात. कोणाच्याही हातात घाला, मंत्र आला. तो शत्रूचं चिलखत शाबूत असतानाही चालतो, म्हणून पहिल्या भागात यासारखं हत्यार नाही. दूर उंचावर बसलेला तिरंदाज उचलून तलवारवाल्यापुढं आपटायचा. किंवा शत्रूला शत्रूच्याच अंगावर टाकायचा, दोघांनाही लागतं.

उंचीही बघा. अजिंक्यताऱ्यावर बसून खाली बाण मारणारा आणि खालून वर मारणारा यांत जो फरक, तो इथं आकड्यांत आहे. उंचावरून पल्ला वाढतो, मार वाढतो, आणि हंट्समन या तिरंदाजीच्या कौशल्याच्या प्रत्येक गुणामागं उंचीवरून ५ टक्के आणखी. म्हणून लढाई बोलण्यातून सुरू होणार असं वाटलं की एकाने बोलायला जावं, तिघांनी आधीच साखळी तोडून वर जागा धराव्यात. जे लांब आहेत ते लढाईत ओढले जात नाहीत, आपल्या सवडीने पहिला बाण सोडून आत येतात. बीजी ३ मध्येही असं जमतं, पण इथं त्याचा फायदा जास्त.

आप्पा_मिरज
उशिरा येतोय. सगळ्यांनी लढाईच सांगितली, हत्यारांच्या महागाईबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. माझ्या मते दोन चिलखतांपेक्षाही मोठं दुखणं हे आहे.

लेव्हल वाढली की आकडे सरळ वाढत नाहीत, भडकतात. दोन लेव्हल मागची तलवार म्हणजे लाकडी काठी. कष्टाने मिळवलेलं नावाजलेलं हत्यार, त्याची मोठी कथा, आणि पुढच्या गावात व्यापाऱ्याकडचं निनावी हत्यार त्याच्यापेक्षा भारी. मन खट्टू होतं. बीजी ३ मध्ये पहिल्या भागातली एखादी चांगली वस्तू शेवटपर्यंत अंगावर राहू शकते, तिथून येणाऱ्याला हे फार टोचेल. शिवाय याच्यामुळं मोकळा नकाशा मोकळा राहत नाही. दुसऱ्या भागातल्या रीपर्स कोस्टवर कुठंही जाता येतं, पण दोन लेव्हल वरच्या शत्रूसमोर गेलात की कितीही डावपेच लढवा, नुसत्या आकड्यांनी चिरडले जाता. नोंदवही कुठं आधी जायचं ते धड सांगत नाही. शत्रूच्या नावाजवळ लेव्हल दिसते, ती आपल्यापेक्षा जास्त दिसली की मागं फिरायचं.

जगायचं कसं ते सांगतो. शस्त्राने मारणाऱ्याचं शस्त्र दर लेव्हलला बदला, चिलखत दर दोन लेव्हलला चालेल. जादूगाराच्या हातातल्या कांडीवर पैसे घालू नका. मंत्राचा मार त्याच्या लेव्हलवर आणि इंटेलिजन्सवर ठरतो, कांडीवर नाही. एका हातात कांडी, दुसऱ्यात ढाल द्या, दोन्ही चिलखतं वाढतात. पैसे तलवारवाल्याकडं आणि धनुर्धाऱ्याकडं. लेव्हल वाढली की व्यापाऱ्यांचा माल नवा येतो, तेव्हा प्रत्येक लेव्हलला सगळ्या दुकानांतून एक फेरी, मंडईत मारतो तशी.

पैसे कमी पडणारच. एकाने थीव्हरी, म्हणजे चोरीचं कौशल्य, घ्या. प्रत्येक पात्र एका माणसाचा खिसा एकदाच कापू शकतं, म्हणून लहान-सहान चोरीत ती संधी घालवू नका, माल भरल्यावर कापा. रीत अशी की एकाने समोरून बोलण्यात गुंतवायचं, दुसऱ्याने पाठीमागून, त्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेर, लपून जायचं. काम झालं की चोराने लगेच लांब पळायचं. थोड्या वेळाने त्या माणसाच्या लक्षात येतं आणि तो आसपास जो सापडेल त्याला जाब विचारतो. चोर तिथंच रेंगाळला की पकडला. सिव्हिल, म्हणजे लढाईबाहेरच्या कामांचे, गुण फक्त २, ६, १०, १४, १८ या लेव्हलना मिळतात, म्हणून वाटणी आत्ताच करा. एक थीव्हरी, एक पर्सुएशन (मन वळवणं), एक लोरमास्टर (वस्तू ओळखणं), एक लकी चार्म (नशिबाने जादा माल). चौघांनी थोडं थोडं घेतलंत तर चौघंही बिनकामाचे.

हळदगड्डा
आप्पा, गिफ्ट बॅगमध्ये सोर्सरस संड्रीज चालू केलं की तो व्यापारी जुनी नावाजलेली हत्यारं आपल्या लेव्हलला आणून देतो की.

आप्पा_मिरज
देतो. पण जे दुखणं खेळ बनवणाऱ्यांनाच नंतर वेगळी पुडी सोडून झाकावं लागलं, ते दुखणं आहेच ना रे. चारभिंतींनी चालू करावं, माझी हरकत नाही.

कंदीपेढा
महागाईतून सुटणारा एक गडी आहे, समनर. त्याने बोलावलेल्या प्राण्याचा, इन्कार्नेटचा, जोर समनिंगच्या गुणावर आणि लेव्हलवर चालतो, हातातल्या हत्याराशी त्याचा संबंध नाही. समनिंग १० झालं की तो आडदांड होतो. आणि यात अशी खुबी आहे की हळदगड्डा दादांचं आणि माझं भांडणच मिटतं. इन्कार्नेट ज्या जमिनीवर बोलावाल त्या जमिनीचा मार तो करतो. आगीवर बोलावला तर आगीचा, रक्तावर किंवा मोकळ्या जमिनीवर बोलावला तर फिजिकल. एका पाळीत तुमचा गट तीन-एकचा दोन-दोन होतो. टोटेमही तसेच, जमिनीप्रमाणे. समोर ढालवाल्यांची रांग असेल तर इन्कार्नेट बोलवायच्या जागी पाणी ओता, जादूगारांची असेल तर मोकळी जागा बघा.

चारभिंती
मग असं समजू का : एक दोन हातांच्या तलवारीवाला, एक धनुर्धारी, एक पाणी-विजेचा जादूगार, एक समनर?

प्यादं_सांगली
हो, यात फार बदलण्यासारखं काही नाही. तलवारवाला : वॉरफेअर आधी १०, बॅटल स्टॉम्प आणि बॅटरिंग रॅम पहिल्या दिवसापासून, दोन्ही २ एपी, दोन्ही फिजिकल संपल्यावर पाडतात. धनुर्धारी : हंट्समन कौशल्यापुरतं, स्काउंड्रल (चोरट्या हल्ल्यांचं कौशल्य) १ ॲड्रेनालिनसाठी, मग वॉरफेअर, आणि विट्स याच्याकडं, म्हणजे पहिली चाल उंचावरून. थीव्हरीही याच्याकडेच. जादूगार : हायड्रोसोफिस्ट आणि एरोथर्ज, टेलिपोर्टेशन, ढाल. समनर पर्सुएशन घेईल, मागं उभं राहून बोलायला त्याला वेळ असतो. टॅलेंट १, ३, ८, १३, १८ या लेव्हलना. एकाने तरी पेट पॅल घ्या, जनावरांशी बोलता येतं, आणि या खेळातले उंदीर-कुत्रे माणसांपेक्षा जास्त माहिती देतात.

धनुर्धाऱ्याने एक्झिक्युशनर टॅलेंट घ्यावा. गडी मारला की २ एपी परत, पाळीत एकदा. द पॉन हा टॅलेंट त्यासोबत घेता येत नाही, दोन्हीतलं एकच.

चारभिंती
चौघांतला एक जण आला नाही तर? कराडवाल्याची शिफ्ट असते.

वाईघाट
सेव्ह होस्टच्या मशीनवर राहतो, म्हणून होस्ट तो करा जो कधीच चुकत नाही. न आलेल्याचं पात्र होस्टकडं जातं, तो चालवतो. आला की परत द्यायचं. होस्टने मोठ्या लढाईआधी वेगवेगळ्या नावाने सेव्ह ठेवावेत, नुसत्या क्विकसेव्हवर विसंबू नये. ऑनर मोड ही सगळ्यात कडक पातळी पहिल्यांदा नको. एकच सेव्ह असतो, चौघं मेले की तोही पुसला जातो. क्लासिकवर सुरू करा, टॅक्टिशियनमध्ये शत्रूचे आकडेही वाढतात आणि त्यांना नवी कौशल्यंही मिळतात.

साताऱ्यातले दोघं एका घरी बसणार असतील तर एका मशीनवर स्प्लिट स्क्रीन चालतं, दोनच जणांना, कंट्रोलर लावून. जागा मात्र ६० जीबी धरून चला.

दोघंच उरलात कायमचे, तर लोन वुल्फ टॅलेंट आहे, दोघांच्याच गटाला पाळीला ४ ऐवजी ६ एपी. तेव्हा हे सगळं गणित बदलतं, वेगळा धागा काढा.

आप्पा_मिरज
आणखी एक सांगून ठेवतो, नंतर शिव्या नकोत. पहिला भाग, फोर्ट जॉय, उत्तम आहे. एकच किल्ला आणि बाहेर पडायच्या अनेक वाटा. दुसरा भाग लांब आणि सगळ्यात भरलेला. शेवटच्या शहरात, आर्क्समध्ये, दम उतरतो. २०१८ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये शेवटचे भाग बरेच दुरुस्त केलेत, तरी तोवर तुमच्या हातात इतकी ताकद येते की जो पहिल्यांदा चाल करतो तोच जिंकतो, ते किंवा तुम्ही. पहिल्या भागात जो डाव दहा पाळ्या रंगतो तो इथं दोन पाळ्यांत संपतो.

सोबतीही पहिल्या भागातच निश्चित करा. फोर्ट जॉयनंतर जहाज निघालं की जे गटात नाहीत ते पुढं भेटत नाहीत. तुम्ही चौघं तयार पात्रांतलीच चार घेतलीत तर कथा जास्त मिळते. त्यातला फेन घेणार असाल तर तो हाडांचा सांगाडा आहे, चेहरा झाकल्याशिवाय गावात नेऊ नका. विषाने तो बरा होतो आणि बरं करायच्या मंत्राने त्याला मार लागतो. जादूगाराने सवयीने त्याच्यावर रेस्टोरेशन टाकलं की झालं.

हळदगड्डा
फेनची बोटं किल्लीचं काम करतात ते सांगा की. हाडांनी कुलूप उघडतो गडी, लॉकपिक लागतच न्हाय.

चारभिंती
ठरलं. मिरजवाला होस्ट, क्लासिक, आरसा आणि संड्रीज चालू. फेन मी घेतो, जादूगाराला बजावून ठेवतो. शेवटचं एकच : ते बुटाचे खिळे कुठं मिळतात?

वाईघाट
पेट्या, पिंपं उघडत चला, आणि नाहीच मिळाले तर व्यापाऱ्यांकडं बघा. बूट बदलले की खिळे परत मारावे लागतात, जुन्या बुटाबरोबर जातात. आप्पा म्हणतात तसं दर दोन लेव्हलला बूट बदलणार, तेव्हा दिसतील तेव्हा उचलून ठेवा.